आपला समज चुकीचा असूं शकेल काय?

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १० वा, व अध्याय ११ वा, वचनें १–१८, गलतीकरांस पत्र २ : ११–१४.

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न उघडपणें क्वचितच विचारिला जातो, परंतु तो पुष्कळांच्या मनांत येऊन जातो. तो हा कीं, जें आपण विश्वासानें धरिलें आहे त्यांत कांहीं चुकीचें तर नसेल ना? हा प्रश्न मनांत आला म्हणजे कोणी घाबरतो, कोणी तो सैतानाचा मोह समजून दाबून टाकितो, आणि कोणी, विशेषेंकरून शहरांत शिकून परत आलेला तरुण, तो मोठ्यानें विचारून वडील मंडळींचा रोष ओढवून घेतो. आजच्या धड्यासाठीं आम्हीं शास्त्रांतील असा एक मनुष्य निवडिला आहे कीं, ज्याच्या विश्वासाविषयीं कोणास शंका घेतां येणार नाहीं. तो मनुष्य म्हणजे पेत्र.

पेत्राकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. इ. स. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, तेव्हांपासून या मराठी मुलुखांत ख्रिस्ती उपदेशक लोकांस एकच गोष्ट नाना प्रकारें सांगत आले आहेत : वाडवडिलांनीं मानिलें एवढ्यावरून एखादें मत खरें ठरत नाहीं, तें पारखून घ्या. ज्यांनीं तें मनावर घेतलें त्यांस तें स्वस्तांत पडलें नाहीं. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ सालीं बेळगांवीं झाला, आणि बाप्तिस्मा १८५४ सालीं. मधलीं कित्येक वर्षें वाचन, वादविवाद व मनाची ओढाताण यांत गेलीं, आणि तो वृत्तांत त्यांनीं 'अरुणोदय' या आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविला आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांची व पत्नी लक्ष्मीबाई यांची कांहीं वर्षें ताटातूट झाली. पारखून घेण्याची एवढी किंमत ज्यांनीं दिली त्यांच्या मागें आपण मंडळींत बसावें, शेजाऱ्यास 'आपल्या मताची परीक्षा कर' असें सांगावें, आणि आपल्या स्वतःच्या मतांस मात्र कोणी हात लावूं नये असें म्हणावें, हें न्यायाचें होईल काय? धान्य देतांना एक पायली आणि घेतांना दुसरी, हा व्यवहार आठवड्याच्या बाजारांतहि कोणी खपवून घेत नाहीं.

आतां यापो गांवीं चला. पेत्र तेथें समुद्राच्या कांठीं शिमोन नांवाच्या चांभाराच्या घरीं उतरला होता. आमच्या मराठी शास्त्रांत 'चांभार' असा शब्द आहे. खरें पाहतां त्याचा धंदा कातडीं कमावण्याचा होता, आणि मेलेल्या जनावरांस नित्य शिवावें लागे म्हणून यहूदी लोक त्या धंद्यास हलका मानीत. अशा घरीं पेत्र पुष्कळ दिवस राहिला, यावरून त्याचें मन कांहींसें सैल झालें होतें असें दिसतें. मोठी गांठ मात्र सुटावयाची होती.

दुपारीं बाराच्या सुमारास तो प्रार्थना करावयास धाब्यावर गेला. त्यास भूक लागली, आणि खालीं स्वयंपाक चालला असतां त्यास दर्शन झालें. चार कोपरे धरून सोडलेल्या मोठ्या चादरीसारखें कांहीं आकाशांतून उतरलें. त्यांत सर्व प्रकारचे चतुष्पाद, सरपटणारे जीव व पक्षी होते. आणि ऊठ, मारून खा, अशी आज्ञा झाली. पेत्रानें साफ नकार दिला. अशुद्ध असें कांहीं आपण आजवर खाल्लें नाहीं, असें त्यानें प्रभूलाच ऐकविलें.

वाचकांनीं येथें थोडें थांबावें. हा नकार कोणाच्या तोंडचा? जो प्रभूबरोबर गालीलाच्या वाटा तुडवीत हिंडला, ज्याच्या उपदेशानें पन्नासाव्या दिवशीं सुमारें तीन हजार माणसें मंडळीस मिळालीं, त्याच्या तोंडचा. आणि त्या नकारास आधार कशाचा? हट्टाचा किंवा आळसाचा नव्हे, तर लेवीयाच्या अकराव्या अध्यायाचा. म्हणजे शास्त्राचा आधार घेऊन, प्रार्थनेच्या वेळीं, खऱ्या भक्तीनें तो चुकत होता. चुकीचे समज हे वाईट मनुष्यांच्या पदरीं असावयाचे, आपण तर प्रार्थना करणारे आहों, असें जें पुष्कळांस वाटतें, तें हा अध्याय वाचल्यावर म्हणतां येत नाहीं. आधाराला वचन दाखवितां आलें म्हणजे समज खरा ठरला, असेंहि म्हणतां येत नाहीं. वचन खरें असतें. तें कोठें व किती काळ लावावयाचें हें आपण ठरवितों, आणि चूक तेथें शिरते.

दुसरी गोष्ट आम्हांस याहूनहि विचार करावयास लाविते. बाहेरून तोंडांत जाणारें अन्न मनुष्यास विटाळवीत नाहीं, हें प्रभूनें पूर्वींच शिकविलें होतें. आणि मत्तयाचा पंधरावा अध्याय काढून पाहिला तर असें दिसेल कीं, त्या शिकवणीचा उलगडा विचारणारा शिष्य दुसरा कोणी नसून पेत्रच होता! सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करा ही आज्ञाहि त्यानें आपल्या कानांनीं ऐकिली होती. प्रश्न त्यानेंच विचारिला, उत्तर त्यानेंच ऐकिलें, आणि तरी वर्षें लोटल्यावर तें उत्तर त्याच्या ताटापर्यंत पोहोंचलें नव्हतें. शब्बाथशाळेंत सोन्याचें वचन घडाघडा म्हणणाऱ्या मुलास आपण शाबासकी देतों तें योग्यच आहे. परंतु पाठ झालेलें सत्य आणि जुना समज हीं दोन्हीं एकाच मनांत एकमेकांस धक्का न लावतां पुष्कळ वर्षें शेजारीशेजारी राहूं शकतात.

दर्शन तीन वेळां झालें. तें संपल्यावर त्याचा अर्थ काय असावा याविषयीं पेत्र घोंटाळ्यांत पडला, असें लूक लिहितो. हा घोंटाळा पाप होता असें शास्त्र कोठेंहि सांगत नाहीं. पेत्रानें तो दाबून टाकिला नाहीं, आणि तत्काळ नवें मत बनवून गांवभर सांगत सुटला असेंहि नाहीं. इतक्यांत कैसरीयाहून कर्नेल्य शतपतीचीं माणसें दारांत येऊन उभीं राहिलीं. आत्म्यानें सांगितलें म्हणून तो खालीं उतरला, त्या परक्या माणसांस त्यानें रात्रीं घरांत ठेवून घेतलें, आणि दुसरे दिवशीं यापो येथील बंधूंस बरोबर घेऊन निघाला. ते बंधु सहा होते, हें अकराव्या अध्यायांत कळतें. कैसरीया तेथून सुमारें तीस मैल. पोहोंचावयास त्याच्या पुढचा दिवस उजाडला. आपला समज चुकीचा आहे कीं काय हें पाहावयास निघालेला मनुष्य एकटा गेला नाहीं, सहा साक्षी घेऊन गेला, हें आम्हांस मोठ्या शहाणपणाचें वाटतें. आमच्यांतील कित्येक तरुण आपल्या शंका एकटेच उशाशीं घेऊन निजतात. तसें होण्याचें कारण बहुधा हें असतें कीं, बरोबर चालावयास सहा सोडा, एकहि वडील माणूस त्यांस मिळत नाहीं.

कर्नेल्याच्या घरीं काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. घर माणसांनीं भरलें होतें. पेत्राचें बोलणें चाललें असतांनाच पवित्र आत्मा त्या परराष्ट्रीयांवर उतरला, आणि बरोबर आलेले सुंती बंधु थक्क झाले. मग यांस बाप्तिस्म्याचें पाणी मना करणारा कोण, एवढेंच पेत्रानें विचारिलें. आमच्या मतें या वृत्तांताचा गाभा हा आहे कीं, दर्शनानें पेत्राचा जुना समज हालला, परंतु तो मोडला कर्नेल्याच्या घरांत. ज्या माणसांविषयीं आपण समज करून घेतलेला असतो त्यांचा उंबरठा चढल्यावांचून त्या समजाची परीक्षा पुरी होत नाहीं. पुढें यरुशलेमांतील बंधूंनीं पेत्रास दोष दिला तो बाप्तिस्म्याबद्दल नव्हे; तूं त्यांच्या घरांत जाऊन त्यांच्या पंक्तीस जेवलास, हा त्यांचा आक्षेप होता. पेत्र रागावला नाहीं. त्यानें पहिल्यापासून सर्व हकीकत अनुक्रमानें सांगितली, आणि ऐकणारे उगे राहून देवाचें गौरव करूं लागले. त्यांचेंहि आम्हांस कौतुक वाटतें. भरल्या सभेंत आपलें मत बदलणें हें सोपें नाहीं.

पंक्तीचा हा प्रश्न यहूदी देशांत राहिला नाहीं. १७०६ सालीं तरंगंबाडी येथें त्सीगेनबाल्ग व प्लूचौ हे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी उतरले. ते देवभीरु होते. त्सीगेनबाल्ग यांनीं नव्या कराराचें तमिळ भाषांतर केलें. तथापि दक्षिणेतील त्या मंडळ्यांत जातीजातींनीं निरनिराळें बसणें चालूं दिलें गेलें, आणि तें शंभर वर्षांहून अधिक काळ चाललें. जात ही धर्माची बाब नसून केवळ लौकिक दर्जाची आहे, असें त्यांचें समर्थन करण्यांत येई. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं पत्र लिहून जातिभेद मंडळींतून अजीबात काढून टाकण्याची आज्ञा केली, तेव्हां पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले. गेले ते सर्व ढोंगी होते असें आम्ही म्हणणार नाहीं. प्रार्थना, गीतें व शास्त्रवाचन यांच्या सोबतीनेंच तो समज चार पिढ्या वाढला होता.

आणि दक्षिणेकडे बोट कशाला दाखवावें? आमच्या मंडळ्यांत प्रभुभोजनाची भाकर सर्व एका ताटांतून घेतात. पण मुलीचें लग्न काढावयाचें झालें म्हणजे मुलाच्या घराण्याची पूर्वींची जात कोणती, हा प्रश्न पडवींत हळूच विचारिला जातो. विचारणाऱ्यास तो धर्माविरुद्ध वाटत नाहीं. 'चालरीत आहे' एवढेंच तो म्हणतो. तरंगंबाडीसहि तेंच म्हणत होते.

कोणी म्हणेल, हें सर्व आचरणाविषयीं झालें. विश्वासाच्या मूळ तत्त्वांविषयीं शंका आली तर काय करावें? याविषयीं पंडिता रमाबाई यांचें उदाहरण घ्यावें. बाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. ज्या भगिनींनीं त्यांस आश्रय दिला त्यांची अपेक्षा अशी होती कीं, मंडळीनें ठरविलेली शिकवण आतां बाईंनीं निमूटपणें मान्य करावी. बाईंनीं तसें केलें नाहीं. ब्राह्मणांचा शब्द शास्त्र म्हणून मानण्यांतून त्या सुटल्या होत्या. बिशपांचा शब्द तसाच मानावयास त्या तयार नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धान्त, प्रभूचा कुमारीपासून जन्म, यांविषयीं त्यांनीं स्पष्ट प्रश्न विचारिले, आणि त्या पत्रव्यवहारांत दोन्हीं बाजूंस पुष्कळ मनस्ताप झाला; तीं पत्रें १९७७ सालीं पुस्तकरूपानें छापलीं गेलीं आहेत. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं बाईंस उमगलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. हें त्यांचें स्वतःचें सांगणें आहे. पुढें केडगांव येथील मुक्तिसदनांत इब्री व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून त्यांनीं सर्व शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, आणि १९२२ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या त्याच कामांत होत्या. ज्या बाईस फार प्रश्न विचारिते म्हणून दोष देण्यांत आला, तिनें तें शास्त्र शब्दन् शब्द तपासून आपल्या हातीं दिलें.

प्रत्येक परीक्षेचा शेवट असाच होतो असें मात्र आम्ही सांगत नाहीं. विचारतां विचारतां मंडळी सोडून गेलेलीं माणसेंहि आहेत, आणि त्यांच्या आईबापांचें दुःख आम्हीं पाहिलें आहे. परंतु जो विचारून गेला आणि ज्यास विचारूं दिलें नाहीं म्हणून गेला, त्या दोघांची गणती एकांत करूं नये. शंका विचारणारा कोणत्या मनाचा आहे हें ओळखण्यास आम्ही एकच खूण सांगतों : उत्तर आपल्या विरुद्ध निघालें तर त्याची किंमत तो स्वतः देईल काय? उपासनेस जाणें व्यर्थ आहे असा शोध ज्यास रविवारीं सकाळीं अंथरुणांतच लागतो, त्याच्याशीं फार वाद घालण्याचें कारण नाहीं. तीच खूण वडील मंडळींनीं उलट बाजूनेंहि लावून पाहावी. ज्या समजामुळें आपणांस उंच आसन मिळतें, आपल्या घराण्याचा मान वाढतो, किंवा दुसऱ्याच्या दाराशीं जाण्याचे श्रम वांचतात, तो समज परीक्षेसाठीं पहिल्यानें काढावा. पेत्राचा तसाच होता.

गलतीकरांच्या पत्रांतील भाग आतां वाचावा, कारण पेत्राची गोष्ट कैसरीयांत संपली नाहीं. पुढें अंत्युखियांत तो परराष्ट्रीय बंधूंच्या पंक्तीस बसून जेवीत होता. यरुशलेमाहून याकोबाकडचीं कांहीं माणसें आलीं, आणि तो भिऊन हळूहळू पंक्तींतून उठूं लागला. त्यास पाहून बर्णबाहि उठला. दर्शन पाहिलेला, सहा साक्षी असलेला, सभेंत सर्व हकीकत सांगितलेला पेत्र! तेव्हां पौलानें, जो पेत्राच्या मागून शिष्य झाला होता, सर्वांच्या देखत त्याच्या तोंडावर त्याची चूक सांगितली. पेत्रानें काय उत्तर दिलें तें पौल लिहीत नाहीं. परंतु पेत्राच्या नांवाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत पौलाचा उल्लेख आहे, आणि तेथें त्यास प्रिय बंधु असें म्हटलें आहे.