कुंपणाचे खांब आणि सिमेंटचा हिशेब

सुगी आटोपली की कुंपणाची गोष्ट निघते. "फादर, एकराला खांब किती लागतील?" असे मिस्सा संपल्यावर आम्हांला हमखास विचारले जाते. परंतु खांब एकरावर ठरत नाहीत, घेरावर ठरतात. चाळीस गुंठ्यांचा तुकडा चौरस असेल तर त्याचा घेर सुमारे ८३६ फूट. तोच ३३० फूट लांब व १३२ फूट रुंद असेल तर ९२४ फूट. म्हणून प्रथम शेजाऱ्याला बोलावून त्याच्या देखत बांधावर टेप धरावी. शेजाऱ्यामागे रोवलेला खांब पुढे कोर्टात उभा राहतो.

हा लांबट तुकडाच घेऊ. दोन खांबांत १० फुटांहून जास्त अंतर नको. लांबीच्या दोन बाजूंस ३३-३३ गाळे, रुंदीच्या एका बाजूस १४. दुसरीकडे १२ फुटांचे फाटक सोडून १२ गाळे आणि फाटकाचा एक. एकूण ९३. कुंपण चोहोकडून मिटते, म्हणून गाळे तितकेच खांब. एकाच बाजूला कुंपण घालणाऱ्याने मात्र एक खांब जास्त धरावा. तो बहुतेक जण विसरतात. शिवाय कोपऱ्यांना दोन-दोन, फाटकाच्या खांबांना एकेक, आणि लांब बाजूंस दर ११० फुटांवरच्या खांबाला दोन्हीकडून, असे १८ तिरके टेकू.

आता काँक्रीट. फूटभर लांब-रुंद व दोन फूट खोल खड्डा म्हणजे २ घनफूट. चार इंची खांबाची जागा वजा जाता पावणेदोनला थोडे जास्त उरते. ९३ खांबांचे सुमारे १६५ आणि टेकूंच्या फूटभर खोल खड्ड्यांचे १६, मिळून १८१ घनफूट. एक वाटा सिमेंट, तीन वाटे वाळू, सहा वाटे खडी या प्रमाणात एका पोत्याचे ८ घनफूट काँक्रीट होते. सांडलवंड धरून २४ पोती. पोते सव्वा घनफुटाचे धरले तर वाळू ९० आणि खडी १८० घनफूट, म्हणजे एक ब्रास वाळू व दोन ब्रास खडी पुरून उरते.

दफनभूमीचे कुंपण घालताना आम्ही असाच हिशेब केला, आणि काम अर्धे राहिले असता सिमेंट संपले! बुरूज बांधण्यापूर्वी खर्च मोजणाऱ्याचा दाखला आम्हीच व्यासपीठावरून समजावून सांगितला होता; लोक हसले ते योग्यच. चूक खड्ड्यांत होती. गड्यांनी ते फुटाऐवजी १५ इंचांचे खणले होते आणि आम्ही पाहिले नाही. वरच्या शेतात एवढ्या तीन इंचांपायी १३ पोती जास्त जातील. गड्याच्या हाती फूटभर लांबीची काठी द्यावी व खड्डे स्वतः मापावेत.

काळी जमीन पावसात फुगते आणि तोंडाशी रुंद असलेले काँक्रीट खांबासकट वर उचलते. तेथे खड्डा अडीच फूट खोल व तळाशी थोडा रुंद हवा, आणि सिमेंट निदान सव्वापट. उलट, घट्ट मुरुमात कोपऱ्यांचे, फाटकाचे व टेकू दिलेले असे १० खांब आणि टेकू एवढेच काँक्रीटमध्ये बसवावेत. बाकीचे मुरूम ठोकून पक्के उभे राहतात. मग पाच पोत्यांत भागते. तार ओढण्यापूर्वी आठवडाभर काँक्रीटवर पाणी मारावे.