काळ्या पाण्यावरची सुट्टी

(मालेगावची, नववीत शिकणारी एक मुलगी आपल्या कुटुंबासह अंदमान बेटांवर गेली. तेथे तिने जे पाहिले आणि ऐकले, ते तिने या पाठात सांगितले आहे.)

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचे, असे अब्बांनी सांगितले तेव्हा माझा धाकटा भाऊ आनंदाने नाचू लागला. त्याने कधी समुद्र पाहिला नव्हता. अम्मीने आधी खर्च विचारला. अब्बा तीन वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला ठेवत होते, हे तेव्हा आम्हांला कळले. दादीजान मात्र गप्प होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "काळ्या पाण्यावर कोणी सुट्टी घालवायला जाते का?"

अंदमानला पूर्वी 'काळे पाणी' म्हणत. इंग्रज सरकार जन्मठेपेच्या कैद्यांना या बेटांवर पाठवी. गेलेला माणूस परत येईल ही आशा घरचे लोक सोडून देत. दादीजाननी हे पुस्तकात वाचलेले नव्हते. आम्ही विणकर. १८५७ च्या उठावानंतर, आज ज्याला उत्तर प्रदेश म्हणतात त्या भागातून अनेक विणकर कुटुंबे दक्षिणेकडे आली आणि मालेगाव, भिवंडी अशा गावांत राहिली. आमचे घराणे त्यांतलेच. "जे निसटले ते इकडे आले, जे सापडले ते तिकडे गेले," असे दादीजान नेहमी सांगतात. शेवटी त्या एका अटीवर तयार झाल्या. मौलाना फज्ले हक खैराबादी यांच्या मजारीवर त्यांना फातिहा पढायची होती.

अंदमानची बेटे बंगालच्या उपसागरात, चेन्नईपासून सुमारे बाराशे किलोमीटर दूर आहेत. जहाजाला तीन दिवस लागतात. आम्ही चेन्नईपर्यंत रेल्वेने आणि पुढे विमानाने गेलो. खिडकीतून पाहिले, तर निळ्या पाण्यावर हिरव्या जंगलाचे तुकडे पसरलेले दिसत होते. विमान पोर्ट ब्लेअरला उतरले. २०२४ साली या शहराचे नाव श्री विजयपुरम असे ठेवण्यात आले. पण आम्हांला भेटलेले रिक्षावाले आणि दुकानदार जुनेच नाव घेत होते.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. संध्याकाळचे पाच वाजले आणि सूर्य मावळला! बेटे खूप पूर्वेला आहेत, पण घड्याळ साऱ्या भारताचे एकच. दादीजाननी मगरिबची नमाज पढली आणि म्हणाल्या, "मालेगावात आता कुठे असरची नमाज झाली असेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही सेल्युलर जेल पाहिला. १८९६ ते १९०६ या काळात तो बांधला. मधोमध एक मनोरा आणि त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती. त्यांत जवळजवळ सातशे कोठड्या होत्या. प्रत्येक कोठडीत एकच कैदी ठेवीत. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे होते, म्हणून कैद्याला समोर कोणाचा चेहरा दिसत नसे. आज सातांपैकी तीनच इमारती उरल्या आहेत. अंगणात तेलाचा कोलू ठेवला आहे. बैलाच्या जागी माणसाला जुंपून दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोहून जास्त खोबरेल काढून घेत. भावाने कोलूचा दांडा दोन्ही हातांनी धरला. मग काही न बोलता तो अब्बांजवळ जाऊन उभा राहिला.

आमच्या नाशिक जिल्ह्यातले गणेश आणि विनायक सावरकर हे दोघे भाऊ येथे १९२१ पर्यंत कैदेत होते. एकाच तुरुंगात असूनही कित्येक महिने त्यांची भेट होऊ शकली नाही. बंगाल आणि पंजाबातले तर शेकडो तरुण येथे होते. १९३३ साली कैद्यांनी चांगले अन्न आणि माणुसकीची वागणूक मिळावी म्हणून उपोषण केले. तेव्हा महावीर सिंह, मोहन किशोर नमदास आणि मोहित मोईत्र हे तिघे मरण पावले.

पण दादीजानचे मौलाना या तुरुंगात कधीच नव्हते. त्यांच्या वेळी तो बांधलेलाच नव्हता. १० मार्च १८५८ रोजी दोनशे कैदी घेऊन पहिले जहाज येथे आले, तेव्हा होते ते घनदाट जंगल, पाऊस आणि हिवताप. ते जंगल कैद्यांनीच तोडले. फज्ले हक खैराबादी मोठे विद्वान होते, मिर्झा गालिब यांचे मित्र होते. १८५९ मध्ये त्यांना येथे आणले आणि १८६१ मध्ये येथेच त्यांचा इंतकाल झाला. कैदेत असताना त्यांनी १८५७ च्या उठावाची हकीकत अरबीत लिहिली. मजारीवर दादीजान बराच वेळ बसून राहिल्या. भावाला समुद्रावर जायची घाई होती. पण त्या दिवशी त्याने हट्ट केला नाही.

सगळेच काही येथे मेले नाहीत. मौलवी जाफर थानेसरी यांना आधी फाशीची शिक्षा झाली होती. ती बदलून त्यांना काळ्या पाण्यावर पाठवले. येथे ते इंग्रजी शिकले, मुन्शी झाले, आणि १८८३ मध्ये बायकामुलांसह परत गेले. त्यांचे उर्दू पुस्तक 'काला पानी' या नावाने आजही वाचले जाते.

मला विचाराल तर तुरुंगापेक्षा समोरच्या रॉस बेटाने मला अधिक अस्वस्थ केले. होडीने तेथे दहा मिनिटांत जाता येते. इंग्रज अधिकारी तेथे राहत. चर्च, बेकरी, पोहण्याचा तलाव, नाचाचे दालन, सगळे कैद्यांच्या हातून बांधून घेतलेले! १९४१ च्या भूकंपानंतर ते बेट त्यांनी सोडले. आता भिंतींना वडापिंपळाच्या मुळांनी विळखा घातला आहे आणि हरणे फिरतात. भावाने हरणांना नारळ खायला घातला.

ही बेटे इंग्रज येण्यापूर्वी रिकामी नव्हती. ग्रेट अंदमानी, जारवा, ओंगी आणि सेंटिनली लोक हजारो वर्षे येथे राहत आले आहेत. १८५९ मध्ये ग्रेट अंदमानी लोक धनुष्यबाण घेऊन इंग्रजांच्या तोफांशी लढले. पुढे १८७७ मध्ये बाहेरून आलेल्या गोवराची साथ त्यांच्यात पसरली आणि माणसे भराभर मेली. आज त्या जमातीचे पन्नास-साठच लोक उरले आहेत. काही प्रवासी जारवांना पाहायला त्यांच्या जंगलातल्या रस्त्याने जातात. अब्बांनी साफ नकार दिला. "माणसे काय बघायची वस्तू आहेत?" ते म्हणाले.

मग भावाचा दिवस आला. बोटीने आम्ही नील बेटावर गेलो. तळाला काच लावलेल्या होडीतून त्याने प्रवाळ पाहिले, रंगीत मासे मोजले आणि मोजणी तीन वेळा चुकली. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबे या बेटावर शेती करतात. नील आणि शेजारचे हॅवलॉक ही नावे कोणाची, हे अब्बांनी किनाऱ्यावर शहाळे पिताना सांगितले. १८५७ चा उठाव ज्यांनी निर्दयपणे चिरडला, त्या इंग्रज सेनापतींची! ज्यांना त्यांनी हरवले, त्यांच्या कैदेची बेटे त्यांच्याच नावाने दीडशेहून अधिक वर्षे ओळखली गेली. २०१८ साली त्यांची नावे शहीद द्वीप आणि स्वराज द्वीप अशी झाली.

परतताना आम्हांला विमानतळावर सोडायला आलेले टॅक्सीवाले चाचा साठीचे होते. ते दादीजानशी आमच्या घरातल्यासारखेच बोलत होते. दादीजाननी विचारले, "तुमचे मूळ गाव कोणते?"

"ते ठाऊक नाही, अम्मा," चाचा म्हणाले. "परनाना कैदी होते, परनानीही कैदीच. शिक्षेची काही वर्षे नीट वागलेल्यांना येथे लग्न करून घर बांधायची परवानगी मिळे. कोणी पंजाबचा, कोणी बंगालचा, कोणी मद्रासचा. मग बोलायचे कसे? सगळे हिंदुस्तानी बोलू लागले. आम्हांला येथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. मलबारच्या मोपल्यांनी तर आपल्या नव्या गावांना जुनीच नावे दिली, कालिकत, मंजेरी. आमच्या परनानांनी गावाचे नाव कधी घेतलेच नाही."

"आणि गुन्हा कोणता होता?"

"तेही नाही सांगितले."

दादीजान थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी मला वही काढायला लावली आणि चाचांना आमचा पत्ता उर्दूत लिहून द्यायला सांगितले. मी लिहिला. चाचांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि हसले. त्यांना उर्दू बोलता येत होती, वाचता येत नव्हती. मी तोच पत्ता खाली देवनागरीत लिहिला. त्यांनी तो मोठ्याने वाचला, "मालेगाव, जिल्हा नाशिक," आणि घडी करून खिशात ठेवला.