घर पाडण्यापूर्वी : वीज, पाणी आणि मलवाहिनी

जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधावयाचे ठरले, की मालकाचे लक्ष नकाशा, परवानगी आणि खर्च यांकडे लागते. रस्त्यावरून घरात येणाऱ्या तारा व नळ यांची आठवण मात्र पहार घेतलेले मजूर दारात उभे राहिले म्हणजे होते. या विलंबाची किंमत कधी पैशात, तर कधी मजुराच्या प्राणाने मोजावी लागते.

बंद करणे आणि तोडणे

मेन स्विच खाली केला, दिवे विझले, म्हणजे घरातील वीज गेली असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः खांबावरून मीटरपर्यंत आलेली तार मेन स्विचच्या अलीकडे असते. स्विच बंद केल्यावरही तिच्यात २३० व्होल्ट दाबाची वीज खेळतच असते. जुन्या घरांत ही तार पुष्कळदा भिंतीतील लोखंडी नळीतून किंवा जमिनीखालून नेलेली आढळते. ती नेमकी कोठून जाते हे घरातील माणसांनाही ठाऊक नसते, मग परक्या मजुराला कोठून असणार? म्हणूनच पाडकामाच्या सुरक्षिततेविषयीचे भारतीय मानक ४१३० (आवृत्ती १९९१) असे सांगते, की काम सुरू होण्यापूर्वी विजेच्या तारा मालमत्तेच्या हद्दीवर किंवा हद्दीबाहेर तोडल्या गेल्या पाहिजेत. हे काम वीजपुरवठा करणाऱ्या संस्थेचेच आहे. मीटरचे सील खाजगी वायरमनने काढावयाचे नसते.

थकबाकी भरून लेखी अर्ज करावा, मीटरवरील शेवटचा आकडा नोंदवून घ्यावा आणि जोडणी तोडल्याची पोच जपून ठेवावी. बांधकामासाठी तात्पुरती जोडणी निराळी घ्यावी. घरगुती मीटरवर बांधकामाची यंत्रे चालविणे हा २००३ च्या वीज कायद्यातील कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. एक मजली घराच्या जागी तीन मजली घर उभे राहणार असेल, तर वीजभार वाढतो. वाढीव भाराची मागणी आराखडा तयार होत असतानाच नोंदविणे हिताचे.

अर्थिंगविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कित्येक जुन्या घरांत अर्थिंगची तार लोखंडी पाण्याच्या नळालाच बांधलेली असते. पाडकामात तो नळ निघाला, किंवा त्याच्या जागी प्लास्टिकचा नळ आला, की हे संरक्षण कोणाच्या नकळत नाहीसे होते. शेजारच्या घराची तारही त्याच नळाला जोडलेली असेल, तर धोका शेजाऱ्यालाही पोहोचतो. पाडण्यापूर्वी सामाईक भिंतीवरील प्रत्येक तार कोणाची आहे हे शेजाऱ्यांसमक्ष पाहून घ्यावे, आणि नव्या घरासाठी अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा करावा.

पाणी आणि सांडपाणी

पाण्याच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. अंगणातील तोटी बंद करून नळ कापला, तर मुख्य वाहिनीपासून तोटीपर्यंतचा तुकडा जमिनीत तसाच राहतो आणि राडारोड्याच्या भाराने फुटतो. भारतातील बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते. पुरवठा बंद झाला की वाहिनीतील दाब उतरतो, आणि फुटक्या जागेतून भोवतालचे घाण पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी साऱ्या गल्लीच्या घागरींत पडते. हे टाळण्यासाठी जोडणी मुख्य वाहिनीवरील फेरूलपाशी बंद करून घ्यावी. बांधकामासाठी पाणी लागणारच असेल, तर हद्दीवर एकच तोटी ठेवून तेथवरच्या नळाला संरक्षण द्यावे.

मलवाहिनी बहुधा विसरली जाते, कारण ती दिसत नाही. उघड्या राहिलेल्या तोंडातून विटा व माती आत शिरली, तर रस्त्यावरील गटार तुंबून मैला शेजाऱ्यांच्या मोरीत वर येतो. हद्दीजवळच्या शेवटच्या चेंबरपाशी तिचे तोंड विटा व सिमेंटने पक्के बंद करावे आणि चेंबरच्या तळाची खोली मोजून ठेवावी. नव्या घराच्या जोत्याची उंची या मापावर अवलंबून असते. ते हुकले, तर पुरेसा उतार मिळत नाही आणि ही चूक घर उभे राहिल्यावर सहजी सुधारता येत नाही. जागेत मैल्याची जुनी टाकी असल्यास ती आधी उपसून घ्यावी. विषारी वायूंच्या भयामुळे तीत कोणालाही उतरवू नये. नळाने येणारा गॅस असल्यास तोही संबंधित संस्थेकडूनच हद्दीवर बंद करून घ्यावा.

शेवटी, एका साध्या कागदावर जागेचा नकाशा काढून प्रत्येक जोडणी कोठे बंद केली, हद्दीच्या भिंतीपासून किती अंतरावर व किती खोलीवर, हे लिहून ठेवावे. पुढे पाया खणताना मिस्त्रीला हाच कागद दाखवावयाचा असतो.