नेरला नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

नेर तालुक्यात बदली होऊन आलेल्या परिचारिका, शिक्षक, ग्रामसेवक आणि बँकवाल्यांसाठी हे टिपण आहे. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या या गावात चहाच्या टपरीवर रामराम, जयभीम आणि सलाम तिन्ही ऐकू येतात, आणि गावाबाहेर पडलं की बंजारा तांडे लागतात. ‘अमुक समाज असा, तमुक तसा’ छापाची माहितीपत्रकं प्रशिक्षणात हातात पडतात. ती घरी ठेवून या. मेलनी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकी डॉक्टरांनी 1998 मध्येच लिहून ठेवलंय, की दुसऱ्याची संस्कृती शिकून संपत नाही. स्वतःला तपासत राहायचं आणि आपल्या हातातल्या अधिकाराचं भान ठेवायचं. नेरच्या कचेरीत त्याचा अर्थ एवढाच: सही-शिक्का ज्याच्याकडे, त्याने आधी वाकायचं.

पहिल्या आठवड्यात आपल्याच टेबलाची यादी करा. माझ्या नकाराने कोणाचं काय अडतं? दाखला, कर्ज, लस, शाळेतला प्रवेश? माझी जात, माझी बोली, माझं गाव यांमुळे कोण माझ्याशी मोकळं बोलेल आणि कोण उंबऱ्याबाहेरूनच परत जाईल? ही यादी कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरी लिहा.

मग वर्षाचं कॅलेंडर भरा. सरकारी सुट्ट्या त्यात असतातच. त्यांखेरीज 15 फेब्रुवारीची सेवालाल महाराज जयंती, श्रावणातली तांड्यावरची तीज, पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, रमजानचे रोजे, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारी माणसं आणि दिवाळीच्या अवसेला दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागणाऱ्या तांड्यातल्या मुली हे सगळं नोंदवा. या दिवशी बैठक, शिबिर, वसुली लावू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच शेतात जातात. तेव्हा सकाळी अकराला ‘महिला मेळावा’ घेऊन कोणी आलं नाही म्हणून चिडण्यात अर्थ नाही. संध्याकाळी जा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं कधी निघतात ते आधी विचारा, आणि मुलांचे डोस व शाळेचे कागद त्याआधी उरका.

बोलण्याचं जपा. वऱ्हाडीतलं ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ ऐकून हसू नका, नक्कल तर मुळीच करू नका. एखादी म्हातारी तुम्हाला ‘तू’ म्हणेल, तो जिव्हाळा समजा. तुम्ही मात्र तिला ‘तुम्ही’च म्हणा. तांड्यातलं पहिलीतलं पोर घरी गोरमाटी बोलतं. ते गप्प बसलं तर मठ्ठ ठरवू नका. तांड्यातल्याच, मोठ्या वर्गातल्या मुलीला शेजारी बसवा आणि रोजच्या वस्तूंची नावं आधी तिच्याकडून शिकून घ्या. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्येच घेतला, तेव्हा जुनं नाव रजिस्टरमध्ये, पाटीवर किंवा फोनवर ‘सवयीने’ वापरू नका.

पारध्यांच्या वस्तीवर, म्हणजे बेड्यावर, जाताना सर्वांत जास्त सांभाळायचं. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी आख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो कायदा स्वतंत्र भारतात 1952 मध्ये रद्द झाला, पण पोलिसी संशय गेला नाही. म्हणून खाकी वर्दीवाल्याच्या सोबतीने जाऊ नका. न विचारता फोटो काढू नका. पहिल्या भेटीत आधार कार्डही मागू नका. बसायला सांगितलं तर बसा, दिलेलं पाणी प्या. कागदांवर बोलणं आलं, की अडचण कुठे आहे ते आधी समजून घ्या: अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचं वास्तव्य दाखवावं लागतं, आणि विमुक्त-भटक्यांसाठी ती तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे. ज्यांच्या आज्याकडे ना जमीन होती ना शाळेचा दाखला, त्यांनी हे कुठून आणायचं? ‘कागद आणा’ म्हणून खिडकी लावून घेणं सोपं आहे. कागद नसतील तर गृहचौकशीची मागणी कशी करायची हे त्याच बैठकीत सांगा, अर्ज लिहायला मदत करा.

तिथे नवा उपक्रम काढायची घाईही नको. शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मंगरूळ चव्हाळ्याला, मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची मास्तरकी सोडून फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ शाळा उभी केली. समाजातलाच माणूस काम करत असताना आपण त्याला विचारायला जायचं, शिकवायला नाही.

कचेरीतलं थोडक्यात. कप धुण्याचं काम नेहमी एकाच बाईकडे किंवा एकाच जातीच्या माणसाकडे का येतं, ते बघा आणि पाळी लावा. आरक्षणावरचे विनोद पहिल्याच वेळी थांबवा. पूजेची वर्गणी ऐच्छिक ठेवा, यादी भिंतीवर लावू नका. डब्यातल्या मटणावरून तोंड वाकडं करणाऱ्याला बाजूला घेऊन सांगा.

चुका होतील. चूक चारचौघांत झाली असेल तर माफीही चारचौघांतच मागा. ‘चुकलं’ या शब्दानंतर ‘पण’ लावू नका, आणि समोरच्याने लगेच माफ करावं अशी अपेक्षा धरू नका. तक्रार तांड्याच्या नायक-कारभाऱ्यांकडून आली तर बायांनाही वेगळं विचारा. तांड्याच्या वतीने बोलणारा एकच माणूस असतो असं नाही.

दर महिन्याच्या शेवटी हजेरी आणि अर्जांची रजिस्टरं उघडा. कोण आलंच नाही, कोण तीन खेटे घालून थांबलं, ते शोधा. ऐकलेल्या गोष्टींमुळे कचेरीची वेळ, फॉर्मची भाषा, शिबिराची जागा यातलं काहीच बदललं नसेल, तर तुमचं तांड्यात जाणं ही सहलच म्हणायची. आणि पुढे बदलीचा आदेश आला, की चार्ज देताना नव्या माणसाला एक दिवस सोबत घेऊन तांडे-बेडे फिरवा, ओळखी करून द्या. चार्जच्या यादीत हा रकाना नसतो. तरीही द्या.