रोशाचे तेल आणि सूक्ष्मजंतू

पावसाळा सरता सरता सातपुड्याच्या विरळ, कोरड्या जंगलांत एक उंच गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे पान चुरगळले असता गुलाबाची आठवण करून देणारा वास हाताला लागतो. हेच रोशा गवत. काही भागांत त्यास तिखाडी असेही म्हणतात. खानदेशात नंदुरबार, पिंपळनेर या बाजूस आणि पलीकडे निमाड व बैतुल भागांत या गवतापासून तेल काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात भरात होता. ओढ्याच्या काठी भट्टी मांडीत. मोठ्या भांड्यात गवत व पाणी घालून झाकण घट्ट लिंपून घेत आणि नळीवाटे येणारी वाफ थंड पाण्यात बुडविलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरवीत. पाण्याची वाफ तेलाचे रेणू आपल्याबरोबर घेऊन येते. ती निवली की पाणी खाली राहते आणि तेल वर तरंगते. मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई आणि पुढे बल्गेरियात गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून वापरले जाई. भेसळ करणाऱ्यांची निवड मोठी अचूक होती. गुलाबाच्या तेलात असणारा जिरॅनिऑल हा पदार्थ रोशाच्या चांगल्या तेलात शेकडा ७५ ते ९० इतका असतो.

या जिरॅनिऑलला सुगंधाखेरीज आणखी एक गुण आहे. तो बुरशी व जिवाणू यांची वाढ रोखतो. ओव्यातील थायमॉल याबाबतीत अधिकच प्रखर होय. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओवा जर्मनीस जाई आणि तेथे त्यापासून जंतुनाशक थायमॉल तयार होई. उग्र वासामुळेच जंतू मरतात, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु वास हा आपल्या नाकाचा अनुभव आहे. जंतूच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे.

तुपाने माखलेला हात नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाही, हे आपण रोज पाहतो. स्निग्ध पदार्थ पाण्यात राहण्यास नाखूश असतो. स्निग्ध पदार्थ भेटला की तो त्याच्याकडे जातो. जिवाणूची पेशी ज्या पातळ पटलाने वेढलेली असते, ते मेदाच्या रेणूंच्या दुहेरी थराचे बनलेले असते. साहजिकच भोवतालच्या पाण्यातील तेलाचे रेणू या पटलात शिरतात आणि तेथे दाटी करतात. पटल सैल पडते. आता हे पटल म्हणजे केवळ वेष्टन नव्हे. पेशीच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक राखलेले असते. तसेच हायड्रोजनचे आयन बाहेर साठवून, धरणामागील पाण्याप्रमाणे त्यांच्या दाबावर पेशी आपली ऊर्जा निर्माण करते. पटलास गळती लागली की पोटॅशियम बाहेर झिरपते, धरण रिते होते आणि पेशीचे काम थांबते. यीस्टच्या पेशींवर रोशाचे तेल व जिरॅनिऑल वापरून केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पोटॅशियमची अशी गळती प्रत्यक्ष मोजली गेली.

मात्र स्निग्धपणा पुरेसा नाही. ओव्याच्या तेलातच सायमीन नावाचा दुसरा पदार्थ असतो. त्याची बांधणी थायमॉलसारखीच. उणीव एवढीच की त्यात ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, नसतो. सायमीनही पटलात शिरतो, पण एकटा फारसे काही करू शकत नाही. एवढ्याशा फरकाने इतके अंतर पडावे, ही रसायनशास्त्रातील मोठी बोलकी गोष्ट आहे.

सर्व जंतू सारखेच बळी पडत नाहीत. १८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्राम याने रंग देऊन जिवाणूंचे दोन वर्ग पाडले. त्यांपैकी रंग टिकवून न धरणाऱ्या वर्गास आणखी एक बाह्य पटल असते व ते तेलकट रेणूंना अडविते. जखमांत आढळणारा स्यूडोमोनास हा याच वर्गातील. पुष्कळ तेलांना तो दाद देत नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. काचेच्या तबकडीत जंतू मारणारे तेल पोटात घेतले म्हणजे रोग बरा होईल, असे अनुमान काढू नये. शरीरात हे रेणू मेदात व प्रथिनांत अडकतात आणि जंतूंपर्यंत फारच थोडे पोचतात. शिवाय पटल केवळ जंतूंनाच असते असे नाही. आपल्या पेशीही मेदाच्या पटलानेच वेढलेल्या आहेत. नीलगिरीचे तेल चमचाभर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. ओव्याची चिमूट आणि ओव्याचे तेल यांत मात्रेचा जो फरक आहे, तो घरोघरी ध्यानात ठेवला जात नाही.

प्रयोगशाळांचे निष्कर्षही परस्परांशी नेहमी जुळत नाहीत. तेल पाण्यात नीट मिसळत नाही, तबकडीवरून उडून जाते, आणि मुळात ते एकच तेल असते असेही नाही. रोशाच्याच मोतिया व सोफिया अशा दोन जाती आहेत. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, सोफियाच्या तेलात पुष्कळच कमी. रानात शेजारी उगवलेली ही दोन गवते कापणाऱ्यालाही चटकन वेगळी ओळखू येत नाहीत.