प्लेगने नेलेला मास्तर आणि आपल्या घरातला उंदीर



शाळेच्या पुस्तकातली ‘तुतारी’ कविता पुष्कळांना आठवत असेल. ती लिहिणारे केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, पोटासाठी मास्तरकी करत. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही शिवाशिवीवर बोट ठेवणारी कविताही त्यांचीच. आपल्या घरांत ती अजून फारशी पोहोचलेली नाही, पण मुलांकडून जरूर वाचून घ्या.

1896 साली मुंबईत प्लेग आला. दामले मास्तर मुंबई सोडून खानदेशात आले आणि भडगाव, फैजपूरला शिकवू लागले. पुढे धारवाडला गेले. पण प्लेगने त्यांना गाठलेच. 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीत त्यांचे निधन झाले. वय अवघे 39. पाठोपाठ काही दिवसांत पत्नीही प्लेगनेच गेली.

त्याआधी, 10 मार्च 1897 रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीमाई पुण्यात गेल्या. माईंची आठवण आपण दरवर्षी काढतो. त्यांना नेणारा रोग कसा पसरतो, हे मात्र वस्तीत विचारले तर थोडेच सांगतील.

प्लेगचे जंतू उंदरावरच्या पिसवांतून येतात. उंदीर मेला, अंग गार पडले की पिसवा त्याला सोडतात आणि माणसाला चावतात. म्हणून जुनी माणसे उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालत. दोन-चार दिवसांत थंडी वाजून ताप, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ. रोग फुफ्फुसात गेला तर खोकल्यातूनही दुसऱ्याला होतो. तेव्हा यावर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले 1943 साली. आज वेळेत उपचार मिळाले तर रोगी वाचतो.

1994 मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची साथ आली होती, तेव्हा तो कायमचा गेला असे समजू नका. पण आपल्याला रोजचा धोका आहे तो लेप्टोचा. उंदराचे मूत मिसळलेल्या पाण्या-चिखलातून, पायाच्या भेगेतून किंवा जखमेतून हे जंतू शिरतात. पावसाळ्यात कांदालागवडीला चिखलात उभ्या राहणाऱ्या बाया, गटार काढणारे आपले भाऊ, चाळीतला सडका कांदा उपसणारे मजूर, यांना तो आधी गाठतो. ताप, पोटऱ्या खूप दुखणे, डोळे लाल होणे ही खूण. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते, मग धावपळ करून नाशिकला न्यावे लागते.

रोजंदारी बुडते म्हणून मेडिकलमधून गोळी आणून दोन दिवस ताप दाबायचा, ही आपली सवय. मास्तरांच्या काळी औषध नव्हते म्हणून माणसे गेली. आता औषध सरकारी दवाखान्यात फुकट असते, आणि आपण तिथे चौथ्या-पाचव्या दिवशी जातो. त्यातही डॉक्टरांना नुसते “ताप आहे” म्हणून भागत नाही. “चिखलात काम केले, घरात उंदीर आहेत,” हे आपणहून सांगा. डॉक्टर त्या अंगाने तपासतील.

धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा, खरकटे रात्री उघडे टाकू नका. पायाला जखम असेल तर गमबूट घाला. ठेकेदाराकडे ते मागायला लाजू नका, तो आपला हक्क आहे. मेलेला उंदीर उघड्या हाताने शेपटी धरून फेकू नका, मुलांना तर मुळीच सांगू नका. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून उचला, खोल पुरा, साबणाने हात धुवा. आणि एकाच वेळी बरेच उंदीर मेलेले दिसले, तर कशालाही हात न लावता त्याच दिवशी आशाताईला कळवा.