फोर्क करायला एक रात्र, सांभाळायला वर्षं

फोर्क म्हणजे जेवणातला काटा नव्हे. (आपल्या मेसमध्ये तोही मिळत नाही, ते सोडा!) सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स काढून तिच्यात आपण पेनाने दुरुस्त्या करतो, तशी ओपन सोर्स प्रोग्रॅमची कॉपी काढून आपल्यापुरती बदलली, की झाला फोर्क. पुढे सरांनी मूळ नोट्स सुधारल्या तरी झेरॉक्स आपोआप सुधारत नाही. सगळी गोम इथेच आहे.

इंटर्नशिपला मी जिथे होतो, तिथे ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफी लायब्ररीच्या १.१.१ व्हर्जनचा घरचा फोर्क होता. या व्हर्जनचा मोफत सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. त्यामुळे जुने पॅच नव्या व्हर्जनवर नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका पॅचमध्ये, काम झाल्यावर मेमरीतली की पुसणारी ओळ कॉमेंट केलेली होती. शेरा एवढाच: 'छोटा बदल'. लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला. टेस्ट सगळ्या पास! मी म्हटलं, "राहू दे की, चालतंय ना!"

तेव्हा तिथल्या सरांनी मला डेबियनची गोष्ट वाचायला लावली. वॅलग्रिंड हे टूल मेमरीबद्दल वॉर्निंग देतं म्हणून डेबियनवाल्यांनी २००६ साली आपल्या ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी कॉमेंट केल्या. दोन्ही दिसायला जुळ्या. पण त्यातली एक रँडम नंबरच्या साठ्यात भर घालणारी होती. ती गेल्यावर खरा फरक पाडणारा उरला फक्त प्रोसेस आयडी. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका साइजच्या शक्य की किती? फक्त ३२,७६७! प्रोग्रॅम मात्र मजेत चालत होता. १३ मे २००८ ला हे जाहीर झालं, तेव्हा नुसतं अपडेट करून भागलं नाही, त्या काळात बनवलेल्या की फेकून नव्या कराव्या लागल्या.

गूगललासुद्धा ७० हून जास्त पॅच वाहून नेणं जड झालं आणि २०१४ साली त्यांनी बोरिंगएसएसएल हा वेगळा फोर्क काढला. त्यांच्याकडे माणसं आहेत. आपलं काय?

म्हणून लक्षात ठेवा:

१. पॅच लहान ठेवा. 'काय' बदललं ते कोडमध्ये दिसतंच, 'का' बदललं ते लिहा.
२. बदल सगळ्यांच्या कामाचा असेल तर मूळ प्रोजेक्टकडे पाठवा. तो जाणकारांच्या नजरेखालून जातो आणि स्वीकारला तर आपलं ओझंही उतरतं.
३. मूळ प्रोजेक्टच्या सिक्युरिटी सूचना वाचा आणि दुरुस्त्या लगेच आपल्याकडे घ्या. सबमिशनसारखं शेवटच्या रात्रीवर ढकलू नका.
४. टेस्ट पास म्हणजे सुरक्षित, असं समजू नका.

शेवटी तो पॅच मी काढून टाकला. टेस्ट पुन्हा सगळ्या पास! म्हणजे ती ओळ असो वा नसो, टेस्टना पत्ताच नव्हता. मग त्यासाठी एक टेस्ट लिहिली आणि शेऱ्यात चार ओळींचं कारण टाकलं. माझ्यानंतर येणाऱ्या इंटर्नसाठी!